सेवेची नोकरी कुणाला परवडते?

सप्टेंबर उजाडला की मुंबईहून लंडनला निघालेल्या विमानांत महाराष्ट्रातल्या मुलामुलींचा एक निराळा गट अलीकडे हमखास असतो. ही मुले संगणक शिकायला निघालेली नसतात, व्यवस्थापनही नव्हे. 'इंटरनॅशनल डेव्हलपमेंट', म्हणजे आंतरराष्ट्रीय विकास, हा त्यांचा विषय. ससेक्स, मँचेस्टर, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, सोआस ही त्यांची ठिकाणे. दारिद्र्य का टिकते, मदत कुठे मुरते, बाईच्या श्रमाचा हिशेब कोण ठेवतो, दुष्काळात निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, असे प्रश्न घेऊन ती वर्षभर वाचतात, वाद घालतात आणि पदवी घेतात. त्यांतल्या पुष्कळांना पुढे स्वयंसेवी संस्थांत काम करायचे असते. दोन-चार वर्षांचा अनुभव म्हणून नव्हे, तर त्यातच आयुष्य काढायचे असते. पूर्वी याला व्रत म्हणत, आता करिअर म्हणतात. शब्द बदलला म्हणून हेतू हलका झाला, असे मी मानत नाही.

प्रश्न आहे तो पुढचा. ही पदवी घेऊन आलेल्या मुलाला किंवा मुलीला या क्षेत्रात उभे राहता येते काय? आणि येत असेल तर कोणाच्या मुलाला, कोणाच्या मुलीला? मराठवाड्यातल्या दोन-तीन छोट्या संस्थांच्या निवड समित्यांवर बसण्याचा योग मला गेली काही वर्षे येतो. अर्ज वाचतो, मुलाखती घेतो, कोण रुजू होते आणि कोण वर्षभरात निघून जाते हेही पाहतो. त्यातून माझे एक मत बनले आहे. गरिबांसाठी काम करण्याचे हे क्षेत्र हळूहळू गरिबांच्या मुलांना न परवडणारे होत चालले आहे. याचा दोष कोणा एकाचा नाही. पण त्याची दखल घ्यायला कोणी तयार नाही, हे मात्र खरे.

शिडी कुठे टेकलेली होती?

आधी या विषयाची कुळकथा थोडक्यात पाहू. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी आपल्या उद्घाटनपर भाषणातल्या चौथ्या मुद्द्यात 'अविकसित' प्रदेशांना तांत्रिक साहाय्य देण्याची घोषणा केली. शीतयुद्धाचे दिवस होते. मदतीमागे भूतदया होती तसे राजकारणही होते. १९६१ मध्ये केनेडी यांच्या काळात यूएसएड ही संस्था उभी राहिली. १९६६ मध्ये ससेक्स येथे विकास अभ्यास संस्था सुरू झाली. १९९७ मध्ये ब्रिटनने परदेशी मदतीसाठी स्वतंत्र मंत्रालयच काढले. पैसा आला की तो खर्च करणारी, मोजणारी आणि त्यावर अहवाल लिहिणारी माणसे लागतात. ती माणसे घडवण्यासाठी विद्यापीठांतले हे अभ्यासक्रम वाढले. आज कोणत्याही संस्थेतल्या तरुणाला 'लॉगफ्रेम' नावाचा तक्ता भरावा लागतो. उद्दिष्ट, फलित, निर्देशक, पुरावा अशा रकान्यांचा हा तक्ता १९६९ साली यूएसएडसाठीच बनवला गेला होता. परभणीजवळच्या एखाद्या पाणलोट प्रकल्पाचा हिशेबही अखेर त्याच चौकटीत बसवावा लागतो.

या व्यवसायाची शिडी साधारण ठरलेली होती. पदवी, मग एखाद्या मोठ्या संस्थेत उमेदवारी, मग दिल्ली, ढाका किंवा नैरोबी येथे प्रकल्प अधिकारी, पुढे जमल्यास लंडन किंवा जिनिव्हा. शिडी उंच होती, पण तिचे टोक श्रीमंत देशांच्या अंदाजपत्रकाला टेकलेले होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहिली नव्हती.

२०२५ साली ती सर्वांच्याच ध्यानात आली. २० जानेवारीला ट्रम्प यांनी परदेशी मदतीला नव्वद दिवसांची स्थगिती दिली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर केले आणि १ जुलैला ती संस्था गुंडाळून उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे देण्यात आले. ब्रिटनने आपले स्वतंत्र मंत्रालय २०२० मध्येच परराष्ट्र खात्यात विलीन केले होते, २०२१ मध्ये मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी ती २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचे ठरवले. संरक्षणखर्च वाढवायचा होता, त्यासाठी पैसा इथून काढला.

आपल्याला याचे काय, असे कोणी म्हणेल. भारताच्या एकूण अर्थव्यवस्थेच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती हे खरेच. पण मुंबईजवळच्या कल्याणला आणि पुण्याला तृतीयपंथीयांसाठी 'मित्र' नावाचे दवाखाने चालत असत. हैदराबादच्या पहिल्या दवाखान्याच्या धर्तीवर ते निघाले होते आणि त्यांत काम करणाऱ्यांत त्याच समाजातली माणसे होती. स्थगितीच्या फटक्यासरशी २०२५ च्या सुरुवातीला हे तिन्ही दवाखाने बंद पडले. ज्यांना दुसरीकडे कोणी सहजी नोकरी देत नाही, अशा माणसांचे 'करिअर' वॉशिंग्टनमधल्या एका सहीने संपले. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने तर दोन्ही दारे एकदम किलकिली झाली. शिक्षणानंतर तिथे राहून काम शोधण्याची दोन वर्षांची मुदत अठरा महिन्यांवर आणण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी जाहीर केला. आणि हजारो अनुभवी माणसे एकाच वेळी बाजारात उतरलेली असताना नव्या पदवीधराला कोण विचारणार?

परतीचा रस्ता

मग मुले परततात. परतावे, असे त्यांतल्या कित्येकांच्या मनात पहिल्यापासून असतेही. पण इथला रस्ताही सरळ नाही.

आपल्याकडे परदेशी देणग्यांवर परकीय अंशदान नियमन कायद्याचे नियंत्रण आहे. १९७६ मध्ये आणीबाणीत आलेला हा कायदा २०१० मध्ये नव्याने झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये आणखी कडक झाला. त्या दुरुस्तीतल्या दोन गोष्टींचा इथे संबंध आहे. एक म्हणजे, परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही. पूर्वी दिल्ली-मुंबईतली मोठी संस्था निधी मिळवी आणि तालुक्याच्या ठिकाणच्या पाच-दहा छोट्या संस्थांना वाटून देई. इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारा माणूस ज्यांच्याकडे नाही, अशा संस्था या वाटणीवर जगत. ती वाट बंद झाली. दुसरी गोष्ट म्हणजे, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. शिवाय गेल्या दहा-बारा वर्षांत वीस हजारांहून अधिक संस्थांची नोंदणीच रद्द झाली आहे. त्यांतल्या काही नुसत्या कागदावरच्या होत्या, हे मान्य. पण सगळ्याच तशा होत्या, असे कोणी म्हणू नये.

परदेशी पैशाची जागा देशी पैशाने घेतली आहे, असे सांगितले जाते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांतल्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू आहे आणि २०२२-२३ या वर्षात देशभरात असा सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च झाला. रक्कम लहान नाही, त्यातही महाराष्ट्र आघाडीवर असतो. मात्र हा पैसा कारखान्याच्या धुराड्याभोवती फिरतो. मुंबई, पुणे, ठाणे यांच्या आसपास तो दिसतो. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव या केंद्र सरकारनेच 'आकांक्षित' ठरवलेल्या जिल्ह्यांत तो शोधावा लागतो. आणि कंपनीला वर्षाच्या आत दाखवण्याजोगे काहीतरी हवे असते. शाळेला संगणक, दवाखान्याला यंत्र, गावाला सौरदिवे. फीत कापता येईल असे काही. त्या शाळेत तीन वर्षे जाऊन पालकांशी बोलत बसणाऱ्या माणसाचा पगार या यादीत बसत नाही.

परिणामी नोकऱ्या अकरा महिन्यांच्या करारावर. प्रकल्प संपला की माणूस संपला. पुढचा हप्ता लांबला की पगार लांबला. भविष्यनिर्वाह निधी असलाच तर नशीब.

मानधन नावाचा शब्द

आपल्या भाषेत या क्षेत्रातल्या वेतनाला एक खास शब्द आहे: मानधन. शब्द मोठा सुंदर आहे. पगार मागता येतो, त्यासाठी भांडता येते, संप करता येतो. मानधनाविषयी बोलणे मात्र बरे दिसत नाही. आधी मान, मग जमेल तसे धन. अंगणवाडीताईला आणि आशाताईला सरकार वर्षानुवर्षे मानधनच देते, कारण तो शब्द वापरला की त्या कर्मचारी ठरत नाहीत. स्वयंसेवी संस्थांनी हा शब्द चळवळीच्या काळातून आणला. १९७२ च्या सुमारास शहाद्याला श्रमिक संघटनेचे किंवा युक्रांदचे काम करणारे तरुण जे मिळेल ते खात आणि जिथे जागा मिळेल तिथे झोपत. त्यांच्या बाबतीत मानधन हा शब्द खरा होता, कारण तिथे कोणी मालक नव्हता. आज तक्ता भरायला, लक्ष्य गाठायला, बायोमेट्रिक हजेरी लावायला माणूस बांधील आहे आणि शब्द तेवढा जुना राहिला आहे.

आता साधे गणित मांडू. ब्रिटनमध्ये या विषयाच्या वर्षभराच्या अभ्यासाचे शुल्क साधारण वीस ते तीस हजार पौंड आहे. राहण्या-खाण्याचा खर्च धरला तर सगळे मिळून चाळीस लाखांच्या घरात जाते. त्यातले तीस लाख कर्ज काढले, ११ टक्के व्याज आणि दहा वर्षांची फेड धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४१ हजार रुपये येतो. आमच्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी प्रकल्प समन्वयकाला तीस-पस्तीस हजार देणारी संस्था बरी समजली जाते. म्हणजे सगळा पगार बँकेत भरला तरी हप्ता पुरा होत नाही. मग ही नोकरी कोण करू शकतो? ज्याचे शुल्क वडिलांनी भरले आहे, ज्याचे पुण्यात घर आहे, ज्याच्या पगाराची घरी कोणी वाट पाहत नाही, तो.

सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातींतल्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी जाता येते. केंद्राचीही अशी योजना आहे. पण २०२२ साली केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. दलित वस्तीतून आलेल्या मुलाने सरकारच्या पैशाने परदेशात अभियांत्रिकी शिकावी, मात्र आपल्या वस्तीचा अभ्यास करू नये, असा त्याचा अर्थ झाला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांच्या एका प्रकल्पासाठी मुलाखती होत्या. बीड जिल्ह्यातली एक मुलगी आली होती. समाजकार्याची पदवी, तीही इथलीच. आईवडील तोडीला जात. ती स्वतः आजीपाशी राहून शिकलेली. मुलाखतीत तिने आम्हालाच एक गोष्ट सांगितली. वसतिगृह दिवाळीनंतर उघडून उपयोग नाही, कारण उचल घेतलेली जोडपी दसऱ्यालाच निघतात आणि मुलेही बैलगाडीत बसतात. प्रस्तावात ही गोष्ट कोणी लिहिलेली नव्हती. समितीने तिला एकमताने निवडले. शेवटी तिने विचारले, "सर, पगार दर महिन्याला होतो का?" संस्थेच्या सचिवांनी प्रामाणिकपणे सांगितले की हप्ता आल्यावर होतो, कधी तीन महिन्यांनी एकदम होतो. ती म्हणाली, "मग मला जमणार नाही, सर. धाकट्याची फी माझ्यावर आहे." पुढे ती एका कर्जपुरवठा करणाऱ्या कंपनीत लागली, बचतगटाच्या बायांकडून वसुली करते. पगार एक तारखेला होतो.

ती जागा परदेशात शिकून आलेल्या पुण्याच्या एका मुलीला मिळाली. तिनेही काम मन लावून केले, अहवाल उत्तम लिहिले, चौदा महिने राहिली आणि मग एका सल्लागार कंपनीत गेली. तिला मी दोष देत नाही. पण दसऱ्याची गोष्ट जिला ठाऊक होती ती वसुलीला गेली आणि जिला शिकून घ्यावी लागली तीही टिकली नाही, यात नुकसान त्या वसतिगृहातल्या मुलांचे झाले.

त्याग कोणाचा?

यावर जुन्या पिढीचे उत्तर तयार असते. पैशाचा हिशेब करायचा असेल तर या वाटेला येऊ नये. आरोळ्यांनी, बंगांनी हिशेब केला होता काय? हा आक्षेप आदराने ऐकला पाहिजे, कारण ती माणसे खरोखरच मोठी आहेत. रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन राहिले. निरक्षर बायांना त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अभय आणि राणी बंग त्याच विद्यापीठातून १९८४ मध्ये शिकून परतले आणि गडचिरोलीत 'सर्च' उभी केली. गावातल्याच बाईला शिकवून नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणता येतात, हे त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जगापुढे मांडले. परदेशी शिक्षणाचे याहून चांगले चीज मला माहीत नाही.

पण दोन गोष्टी विसरू नयेत. ही सारी माणसे डॉक्टर होती. सर्व सोडून आली हे खरे. पण गरज पडली असती तर कोणत्याही शहरात दवाखान्याची पाटी लावून सन्मानाने जगता आले असते. विकास अभ्यासाच्या पदवीधराला अशी पाटी लावता येत नाही. दुसरे म्हणजे, त्यांनी स्वतः त्याग केला. इतरांना कमी पैशांत राबवण्याचे तत्त्वज्ञान म्हणून तो मांडला नाही. संस्थापकाचा त्याग हा त्याचा निर्णय असतो. चौथ्या पिढीतल्या कर्मचाऱ्याकडून तोच त्याग करारपत्रात लिहून घेणे, हे निराळे. आणि ज्याच्या घरात दोन पिढ्या त्यागाशिवाय दुसरे काही घडलेलेच नाही, त्याने आणखी काय सोडायचे?

शहाणपण कुठून येते?

मुलांना परदेशी जाऊच नका असे मी सांगणार नाही. दुसरा देश पाहिला की आपलाही नीट दिसतो. पण तिथे मिळणाऱ्या ज्ञानाचा उगम कुठे आहे, हेही माहीत असावे. ससेक्सच्या विकास संस्थेतले रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली दाखवून दिले होते की खेड्यांत जाणारे तज्ज्ञ डांबरी रस्त्याच्या कडेची गावे पाहतात, तीही पावसाळा सोडून. त्यामुळे उपासमारीचे आणि आजाराचे दिवस त्यांना दिसतच नाहीत. गावकऱ्यांनीच जमिनीवर नकाशा काढून आपली परिस्थिती मांडायची, ही 'पीआरए' पद्धत त्यांच्या नावाशी जोडली जाते. ती पद्धत बऱ्याच अंशी कर्नाटक आणि गुजरातमधल्या खेड्यांत, तिथल्या संस्थांबरोबर काम करताना घडली. आमची मुले ती आज पौंड मोजून शिकतात.

आपल्या घरचे उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मदतीचा ओघ आला, जागतिक बँक आली, तज्ज्ञ आले. घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात लोकांना सामील करून घेण्याचे काम प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे होते. त्यांनी गावोगावच्या बायांनाच 'संवाद सहायक' नेमले. अनुदानाचा हप्ता कधी येणार, भिंतीत आडवा जोडदगड कुठे बसवायचा, हे त्या बाया गावाला समजावून सांगत. २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा याच लातूर-उस्मानाबादच्या बाया कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायांना आपला अनुभव सांगितला. आंतरराष्ट्रीय विकासाची पदवी त्यांच्यापैकी कोणाकडे नव्हती. पण ज्याला जग 'आपत्तिव्यवस्थापनातले कौशल्य' म्हणते ते त्यांच्यापाशी होते. गोपालन २०२२ मध्ये गेल्या. त्यांच्या कामाचे सार मला असे दिसते की शिकलेल्या माणसाने आपले ज्ञान अशा बायांच्या हाती जाईल अशी व्यवस्था करावी. या क्षेत्रातल्या करिअरची याहून चांगली व्याख्या मी शोधलेली नाही.

काय करता येईल?

उपाय फार मोठे नाहीत. जे तरुण या वाटेने जाऊ इच्छितात त्यांनी पदवीआधी दोन वर्षे एखाद्या तालुक्यात काढावीत. हिशेबाची वही वाचायला शिकावे, ग्रामसभेचे इतिवृत्त लिहायला शिकावे, एक पावसाळा तिथे काढावा. मग टिस, तुळजापूर, अझीम प्रेमजी विद्यापीठ की परदेश, हे ठरवावे. इथल्या अभ्यासक्रमांचा खर्च परदेशाच्या काही अंशानेच आहे, आणि कर्ज जितके कमी तितके काम निवडण्याचे स्वातंत्र्य जास्त. संस्थांनी जाहिरातीत पगाराचा आकडा छापावा. 'अनुभवानुसार मानधन' हा शब्दप्रयोग कायमचा टाकून द्यावा. वर्षातले दोन महिने पुरेल इतकी गंगाजळी फक्त पगारासाठी बाजूला ठेवावी.

खरी जबाबदारी मात्र पैसा देणाऱ्यांची आहे. माणसाचा पगार म्हणजे वायफळ खर्च, ही समजूत आधी सोडली पाहिजे. शाळेत भिंत बांधली तर ती 'काम' आणि शिकवणाऱ्याला पैसे दिले तर ते 'प्रशासन', ही विभागणी हिशेबनिसाच्या सोयीची असेल, समाजाच्या सोयीची नाही. जामखेडला आणि गडचिरोलीला जे घडले ते यंत्रांनी घडले नाही. गावातल्या बाईला वर्षानुवर्षे शिकवत बसणाऱ्या माणसांनी घडवले. कंपन्यांनी निदान तीन वर्षांची हमी द्यावी आणि त्या हमीत माणसांचे वेतन उघडपणे धरावे. शिष्यवृत्ती देणाऱ्या सरकारने परत येऊन मागास जिल्ह्यात पाच वर्षे काम करणाऱ्याचे शिक्षणकर्ज फेडण्याची योजना काढली, तर तिला लागणारा पैसा एखाद्या उड्डाणपुलाहून जास्त नसेल.

हे झाले नाही तर संस्था बंद पडतील असे नाही. त्या चालतील, अहवाल निघतील, परिषदा भरतील. फक्त त्या परिषदांत ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर बोलणारी माणसे ज्यांनी कधी उसाचा फड पाहिला नाही अशा घरांतली असतील, आणि ज्यांना तो फड पाठ आहे ती कुठेतरी हप्त्यांची वसुली करीत असतील. त्या बीडच्या मुलीने विचारलेला प्रश्न साधा होता: पगार दर महिन्याला होतो का? गरिबांसाठी चालणाऱ्या क्षेत्राला या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे देता येत नसेल, तर विकासाविषयीची बाकीची उत्तरे त्याने सावकाश दिली तरी चालतील.